शाळेची बाग आणि तिचा खर्च : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

आपल्याकडील शिक्षणाचे इतिहास चाळले असता त्यांत आयोग, अधिनियम, अभ्यासक्रम, संस्थापक आणि परीक्षा यांची चर्चा विपुल आढळते. शाळेच्या आवाराची चर्चा मात्र क्वचितच आढळते. शाळेच्या अंगणात कोणते झाड होते, ते कोणी लावले, त्याला पाणी कोणी घातले आणि त्या पाण्याचा खर्च कोणत्या खाती पडला, हे प्रश्न इतिहासकाराला क्षुल्लक वाटावेत हे स्वाभाविक आहे. परंतु शिक्षणावरील श्रद्धा व शिक्षणासाठी केलेली तरतूद यांतील अंतर जितके या क्षुल्लक बाबीत स्पष्ट दिसते, तितके ते मोठ्या बाबींत दिसत नाही. प्रस्तुत लेखात सोलापूरचा अवर्षणप्रवण प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून शाळेच्या बागेच्या कल्पनेचा, तीत लावावयाच्या देशी वनस्पतींचा आणि तिच्या अर्थव्यवस्थेचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत शाळेच्या बागेसाठी पैसा जेव्हा जेव्हा मिळाला, तेव्हा तो बहुधा लावणीसाठी मिळाला, जोपासनेसाठी नव्हे, आणि सोलापूरसारख्या प्रदेशात देशी झाडांचा प्रश्न हा मुळात याच जोपासनेच्या खर्चाचा प्रश्न आहे.

१

प्रथम भूमीचा विचार. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील पाऊस सरासरीने ५०० ते ७०० मिलिमीटर या टप्प्यातला, आणि तोही बेभरवशाचा. त्यातही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, कोकणात व घाटमाथ्यावर जुलै हा भर पावसाचा महिना असला, तरी सोलापूरकडे खात्रीचा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो. म्हणूनच हा प्रदेश रब्बीचा, शाळू ज्वारीचा. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या विसाव्या खंडात या जिल्ह्याचे वर्णन लांबच लांब पसरलेले उथळ मातीचे माळ आणि त्यांमधील खोल मातीचे सखल भाग अशा रीतीने केलेले आहे. माळ चराईला योग्य, सखल भाग पिकांना योग्य, असा त्याचा आशय आहे.

शाळेच्या बागेच्या दृष्टीने हे वर्णन महत्त्वाचे आहे. खोल काळी जमीन शेतकऱ्याच्या पोटाची. ती शाळेसाठी सहसा सुटत नाही. गावाच्या कडेची, मुरमाड, गायरानाची किंवा माळाची जमीन शाळेच्या वाट्यास येते. म्हणजे शाळेची बाग ही आरंभापासूनच गावातील सर्वांत उथळ मातीवर आणि सर्वांत कमी पाण्यावर उभी करावयाची असते. यात शाळेच्या दिनक्रमाची आणखी एक अडचण मिळते. वार्षिक परीक्षा आटोपून शाळा मे महिन्यात बंद होते आणि जूनच्या मध्यास उघडते. ज्या आठवड्यांत रोपाला पाण्याची सर्वांत अधिक निकड असते, नेमक्या त्याच आठवड्यांत शाळेच्या आवारात माणूस नसतो. रोपाची तहान आणि मुलांची सुट्टी एकाच वेळी यावी, हा सोलापूरच्या शालेय बागेच्या इतिहासातील कायमचा पेच होय. पुढे येणारी प्रत्येक योजना या पेचाला कसे तोंड देते, या कसोटीवर तिला पाहणे उचित ठरेल.

२

शाळेला जोडून बाग असावी ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात दृढ झाली. फ्रेबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला जे नाव दिले, त्याचा अर्थच मुलांची बाग असा होतो. ऑस्ट्रियात १८६९ च्या प्राथमिक शिक्षणविषयक कायद्याने ग्रामीण शाळांना शक्य तेथे बाग व शेतीच्या प्रयोगासाठी जमीन असावी, अशी तरतूद केली. परंतु महाराष्ट्रात ही कल्पना केवळ पश्चिमेकडून उसनी आली असे मानणे बरोबर होणार नाही. तिचे येथील मूळ शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यात आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती व आरोग्य यांच्या जोडीने शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचाही समावेश असावा, अशी मागणी होती. शेतीच्या पाठांना जोडून एखादे लहानसे आदर्श शेत असल्यास मुलांना प्रत्यक्ष शिक्षण देता येईल, असेही त्यांनी सुचविले. मात्र हे शेत खरोखर कार्यक्षमतेने चालविले गेले, तरच देशाचे मोठे हित होईल, ही अट त्यांनी त्यास जोडली होती. ही अट सहज घातलेली नव्हे. शेत काढणे ही एक गोष्ट, ते चालविणे ही दुसरी, हा भेद शेतकऱ्यांची स्थिती जवळून पाहिलेल्या माणसाच्या मनात स्पष्ट होता.

याच निवेदनात फुल्यांनी अर्थव्यवहाराचाही प्रश्न उपस्थित केला होता. सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला, व त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. तेव्हा गावच्या शाळेसाठी शेतकरी स्वतंत्रपणे पैसे भरीतच होता. शाळेला जोडून शेत वा बाग मागणे म्हणजे दान मागणे नव्हते. भरलेल्या पैशाचा उपयोग मागणे होते. शालेय बागेच्या पुढील इतिहासात हा हक्काचा सूर हळूहळू लोपला आणि त्याच्या जागी अनुदानाचा व उपक्रमाचा सूर आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कल्पनेने दोन रूपे धारण केली. पहिले रूप शेतकी शिक्षणाचे. पुणे जिल्ह्यातील लोणी येथील शेतकी शाळा ही मुंबई इलाख्यातील या प्रकारच्या शाळांचा नमुना ठरली. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात लोणीच्या पद्धतीची व पंजाबातील पद्धतीची तुलना केली आहे. पंजाबात शेतीसाठी वेगळी शाळा न काढता सामान्य माध्यमिक शाळेतच शेती हा विषय ठेवून, काही शाळांना शेत व काहींना लहान बाग जोडली जाई. आयोगाचा कल या दुसऱ्या पद्धतीकडे होता. स्वतंत्र संस्थेपेक्षा नेहमीच्या शाळेतील बाग अधिक टिकाऊ, हे त्यामागील तत्त्व आजही विचार करण्याजोगे आहे.

दुसरे रूप नयी तालीमचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जी योजना मांडली, तीत कताई-विणकाम व सुतारकाम यांच्याप्रमाणे शेती आणि फळबाग-भाजीबाग यांनाही मूलोद्योगाचे स्थान होते. मुलांच्या हातून होणाऱ्या उत्पादनातून शाळेचा खर्च अंशतः तरी निघावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे बाग ही खर्चाची बाब न राहता उत्पन्नाची बाब व्हावी! जेथे विहिरीला बारमाही पाणी आहे, तेथे ही अपेक्षा अगदीच अवास्तव नव्हती. पण सोलापूरच्या माळावरील शाळेकडून भाजीपाल्याचे उत्पन्न मागणे म्हणजे तिच्याजवळ नसलेल्या पाण्याचे व्याज मागण्यासारखे होते. बागेची कल्पना भरपूर पाण्याच्या मुलखात तयार व्हावयाची आणि कोरड्या मुलखाला लागू करावयाची, ही चूक येथेच प्रथम घडली असे नव्हे, आणि येथे ती संपलीही नाही.

या दोन्ही रूपांवर एक आक्षेप तेव्हापासून घेतला गेला आहे, त्याची नोंद येथे करणे न्याय्य होईल. शेतकरी किंवा शेतमजूर आपले मूल शाळेत पाठवितो ते त्याच्या हातातील खुरपे सुटावे म्हणून. शाळेने तेच खुरपे पुन्हा त्याच्या हाती द्यावे काय? विशेषतः ज्या जातींवर अंगमेहनत लादली गेली, त्यांच्या मुलांना बागकाम देताना हा प्रश्न टाळता येत नाही. याला एकच समाधानकारक उत्तर आहे असे वाटते : बागेतील काम सर्व मुलांनी पाळीपाळीने करावे, त्यामागे निरीक्षण व ज्ञान असावे, आणि जे काम मजुरीचे आहे ते मजुरी देऊनच करून घ्यावे. उन्हाळ्यातील पाणी घालणे हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे. ते मुलांच्या किंवा शिपायाच्या माथी फुकट मारणे हाच शाळेच्या बागेचा छुपा अर्थसंकल्प ठरला आहे.

४

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे उदाहरण वेगळे उठून दिसते. १९१९ साली कराडजवळील काले येथे स्थापन झालेल्या या संस्थेने वटवृक्ष हे आपले बोधचिन्ह मानले आणि स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद. साताऱ्यात १९२४ साली सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र श्रम करीत. पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने प्रसिद्ध झालेली योजना याच अनुभवातून वाढली.

या योजनेचे नैतिक महत्त्व पुष्कळांनी वर्णिले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे व्यावहारिक महत्त्व दोन गोष्टींत आहे. एक तर वसतिगृहामुळे शाळेच्या घंटेनंतरही जागेवर माणूस राहत असे. दुसरे म्हणजे श्रमाचा मोबदला मोजला जाई. विद्यार्थ्याचे काम त्याच्या शिक्षणाच्या खर्चात जमा होई. ज्या दोन गोष्टींच्या अभावी सामान्य शाळेची बाग वाळते, म्हणजे सततची उपस्थिती आणि श्रमाचा हिशेब, त्या दोन्ही येथे संस्थेच्या रचनेतच होत्या. भाऊरावांच्या यशाचे श्रेय केवळ त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला देणारे लेखक ही रचना विसरतात.

सोलापूर शहरालाही सामूहिक श्रमाची परंपरा नवी नाही. बाराव्या शतकातील श्रीसिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला, असे परंपरा सांगते, आणि तो तलाव आजही शहराच्या मध्यभागी आहे. कोरड्या मुलखात पुण्यकर्म म्हणजे प्रथम पाण्याची सोय, मग वृक्ष, हा क्रम त्या परंपरेला ठाऊक होता.

५

स्वातंत्र्योत्तर काळात वृक्षलावणीला राष्ट्रीय उत्सवाचे रूप आले. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२८ साली वृक्षारोपणाचा समारंभ सुरू केला होता. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा त्याच्याशी कायमचा जोडला गेला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना ही योजना आली. तीत शाळेच्या मंडळाला आरंभी दरसाल १,००० रुपये आणि पुढे २,५०० रुपये अनुदान मिळे. महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम घेतला. पुढील वर्षांची उद्दिष्टे अनुक्रमे ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी अशी वाढत गेली, आणि शाळा या कार्यक्रमांच्या हक्काच्या सहभागी ठरल्या. २०१९ साली मध्यान्ह भोजनाला जोडून शाळांत परसबागा करण्याविषयी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या.

या सर्व उपक्रमांचा हेतू चांगला होता, याविषयी शंका नाही. परंतु त्यांच्या रचनेत तीन दोष समान दिसतात. पहिला दोष दिवसाचा : जुलैचा पहिला आठवडा हा कोकणच्या पावसाचा मुहूर्त आहे, सोलापूरच्या पावसाचा नव्हे. दुसरा दोष वर्षाचा : अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे उन्हाळा सुरू होतो तेव्हाच पैसा आटतो. तिसरा दोष मोजणीचा : लावलेली झाडे मोजली जातात, तीन वर्षांनी जगलेली झाडे मोजण्याची शिस्त त्या मानाने दुर्बळ राहिली.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव झाले ते पाठ्यपुस्तकांतील सांकेतिक चौकटींमुळे. पण पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या परिचयात दुष्काळी परिसरातील हिरवे क्षेत्र दहा वर्षांत २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेल्याचाही उल्लेख होता. या आकड्यांपेक्षा त्यांचे परिमाण आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे. येथे हिशेब एका दिवसाचा नाही, दहा वर्षांचा आहे.

६

आता देशी वनस्पतींचा प्रश्न. शाळांच्या आवारांत सर्रास दिसणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ व गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडची. झपाट्याने वाढणारी, गुरे सहसा न खाणारी किंवा फुलांनी डोळ्यांत भरणारी झाडे उद्दिष्टाच्या घाईत सोयीची वाटली. देशी-परदेशी हा भेद कुलशीलाचा करू नये हेही खरे. चिंच मूळची आफ्रिकेतील मानली जाते, पण तिला परकी म्हणणारा मराठी माणूस सापडणे कठीण. प्रश्न वंशाचा नसून सवयीचा आहे. ज्या झाडाला आठ महिने कोरडे काढण्याची सवय आहे, ते सोलापूरचे.

बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर, खैर, पळस, आपटा, शमी, बेल ही झाडे, तरवड व रुई यांसारखी झुडपे, मारवेल व कुसळी यांसारखी गवते, हे या भूमीचे खरे धन आहे. काही पाने गाळून उन्हाळा काढतात, काही पाने बारीक ठेवून, काही खोल मुळांच्या जोरावर. शिवाय ती सणावारांतून मुलांच्या ओळखीची आहेत. दसऱ्याला आपटा आणि शमी, महाशिवरात्रीला बेल. वनस्पतिशास्त्राचा पाठ येथून सुरू करणे सोपे आहे.

गवताचा उल्लेख मुद्दाम केला. गॅझेटियरकारांना जे माळ चराईचे वाटले, ते ओसाड नव्हेत. ती एक स्वतंत्र परिसंस्था आहे. सोलापूरजवळील नान्नजच्या परिसरात १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले, ते अशाच गवताळ माळासाठी. तेव्हा सोलापूरच्या शाळेतील देशी बाग म्हणजे दाट झाडीच असली पाहिजे असे नाही. तिच्यात चार गुंठे गवताचा तुकडा राखणे हे तितकेच शास्त्रीय आहे, आणि त्याला पाण्याचा खर्च जवळजवळ नाही.

स्थानिक वाण म्हणजे मागासलेला वाण हा समजही या जिल्ह्याने खोटा ठरविला आहे. मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून सिद्ध झालेला मालदांडी ३५-१ हा वाण कित्येक दशके रब्बी ज्वारीचा आधार राहिला. त्याचप्रमाणे १९३३ साली सोलापुरात सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने आणि ना. वि. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांनी बांधबंदिस्ती, ओल टिकविणारी मशागत व विरळ पेरणी यांचे शास्त्र उभे केले. पडलेला थेंब जागीच जिरवावा, हे त्याचे सार. शाळेच्या बागेचे शास्त्र याहून वेगळे नाही, आणि ते शिकण्यास सोलापूरच्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही.

७

शेवटी खर्चाचा हिशेब. उदाहरणापुरते असे धरू की, एका शाळेने ५० रोपे लावली आणि फेब्रुवारीच्या आरंभापासून जूनच्या आरंभापर्यंत १८ आठवडे प्रत्येक रोपाला आठवड्यास १० लिटर पाणी दिले. एका उन्हाळ्याचे पाणी झाले ९,००० लिटर, तीन उन्हाळ्यांचे २७,०००. हे पाणी आणण्याचा, घालण्याचा व कुंपण राखण्याचा खर्च रोपांच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. रोपे तर बहुधा फुकटच मिळतात. जे फुकट मिळते त्याचाच समारंभ होतो आणि ज्याला पैसा लागतो त्याची तरतूद होत नाही, असा हा उलटा व्यवहार आहे. या हिशेबात देशी रोपांचे महत्त्व उघड होते. स्थानिक बियांपासून शाळेतच वाढविलेले, ऑगस्टअखेरच्या ओलीवर लावलेले, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन व मडक्याचे पाझरते पाणी मिळालेले बोराचे किंवा हिवराचे रोप पहिले दोन-तीन उन्हाळे निभावले की पुढे कोणाकडे काही मागत नाही.

असा बहुवार्षिक खर्च नियमांत बसत नाही, ही सबबही पूर्णपणे खरी नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली लावणीनंतरच्या जोपासनेची मजुरी देण्याची पद्धत काही राज्यांत रूढ झाली होती. बिहारात चार कुटुंबांकडे २०० झाडे सोपविण्याची रीत त्यासाठीच प्रसिद्ध झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सामाजिक कार्यावर सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करणे बंधनकारक केले, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी आरंभाचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारे प्रकल्प मान्य केले. म्हणजे तीन उन्हाळ्यांचा खर्च एकाच प्रकल्पात धरण्यास कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती सवयीची. उद्घाटनाला देणगीदार मिळतो. मे महिन्यातील घागरीला मिळत नाही.

फुल्यांनी १८८२ साली घातलेली अट येथे पुन्हा आठवते. शेत कार्यक्षमतेने चालविले तर, असे ते म्हणाले होते. त्या ‘तर’ची किंमत आपण अद्याप अर्थसंकल्पात लिहिलेली नाही. आणि तिची भरपाई कोण करते? जुलैत स्वतःच्या हाताने रोप लावणारे, आणि जूनमध्ये सुट्टीहून परत आल्यावर त्याच जागी वाळलेली काडी पाहणारे मूल. त्या काडीपासून ते जे शिकते, ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते : काम आरंभाच्या दिवसापुरते करावयाचे असते, नंतर ते कोणी पाहत नाही. शाळेच्या आवारात वाढलेल्या एका बाभळीने हा पाठ खोडून निघतो. म्हणून शाळेच्या बागेच्या तीन उन्हाळ्यांचा खर्च हा उद्यानाचा खर्च न मानता शिक्षणाचाच खर्च मानला पाहिजे.